वखार रस्त्यावर, दंड चालकाच्या माथी

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आणि पालघरच्या लहानमोठ्या कारखान्यांत सध्या एका शब्दप्रयोगाची मोठी चलती आहे. तो म्हणजे ‘बेभरवशाची वाहतूक’. कच्चा माल वेळेवर आला नाही, कारण बेभरवशाची वाहतूक. तयार माल भिवंडीच्या गोदामात उशिरा पोहोचला, कारण बेभरवशाची वाहतूक. आणि या रोगावर मालकवर्गाने शोधलेले औषध म्हणजे पिकअप गाड्यांच्या मार्गांचे ‘शास्त्रशुद्ध नियोजन’. कोणती गाडी कोणत्या फाट्याने न्यायची, किती वाजता कोणत्या फाटकाशी उभी करायची, एका फेरीत किती कारखान्यांचा माल उचलायचा, हे सारे आता यंत्र ठरवते आणि चालकाच्या भ्रमणध्वनीवर आज्ञा पाठवते.

नियोजन या शब्दाचे आम्हां समाजवाद्यांना वावडे असण्याचे कारण नाही. तो आमचाच शब्द आहे. म्हणूनच तो कोणाच्या तोंडी आणि कोणाच्या फायद्यासाठी वापरला जात आहे, हे तपासण्याचा अधिकारही आमचाच आहे. तपासल्यावर जे दिसते ते असे : ज्याला मार्गनियोजन म्हटले जाते, ती कोंडीचा तोटा कारखान्याच्या खतावणीतून काढून गाडीच्या चालकाच्या पोटावर चढवण्याची पद्धतशीर व्यवस्था आहे.

प्रथम भूगोल ध्यानात घेऊ. या टापूच्या पश्चिमेस समुद्र, पूर्वेस डोंगर आणि दक्षिणेस वसईची खाडी आहे. त्यामुळे मालाला बाहेर पडायची तोंडे मोजकीच. तारापूरहून निघालेल्या गाडीला बोईसर गाव पार करून नागझरीवरून चिल्हार फाट्याला महामार्ग गाठावा लागतो. पालघरहून निघालेली गाडी वाघोबा खिंड आणि मासवण ओलांडून मनोरच्या मस्तान नाक्यावर येते. तेथून दक्षिणेस वरई, शिरसाड, मालजीपाडा, ससूनवघर आणि मग खाडीवरचा वर्सोवा पूल. पुलापलीकडे एक वाट दहिसरची, दुसरी घोडबंदरमार्गे ठाण्याची. भिवंडीला जायचे तर मनोरहून वाड्याचा रस्ता, नाहीतर शिरसाडहून वज्रेश्वरी-अंबाडीचा. याखेरीज सफाळ्याकडून तांदूळवाडीच्या घाटाने वरईला निघणारी अरुंद वाट आहे. संपले! जगातील कोणतेही यंत्र याहून पाचवा रस्ता काढून देऊ शकत नाही. महामार्ग तुंबला की सर्व यंत्रे सर्व गाड्यांना एकच आडवाट सुचवतात आणि घटकाभरात तीही तुंबते. जाळ्यात नवी वाट जोडल्याने सर्वांचाच प्रवास लांबू शकतो, हे डीट्रिच ब्राएस या जर्मन गणितज्ञाने १९६८ सालीच दाखवून दिले होते. त्याचे प्रात्यक्षिक पाहायचे असेल, तर पाड्यांतून जाणाऱ्या आमच्या एकेरी रस्त्यांवर यावे. तेथे शाळेच्या मुलांना रस्त्याच्या कडेची मातीही मोकळी मिळत नाही.

आता ‘बेभरवशाची’ या विशेषणाकडे वळू. ही कोंडी खरोखर अकल्पित असते काय? दहिसरपासून तलासरीजवळच्या अच्छाडपर्यंत महामार्गाचे १२१ किलोमीटर काँक्रीटीकरण हाती घेण्यात आले, तेव्हा एक मार्गिका बंद करून उरलेल्या मार्गिकांवर सगळा भार येणार, हे कंत्राट देणाऱ्यांना ठाऊक नव्हते काय? पाऊस जूनमध्ये येतो, हे ठाऊक नव्हते काय? वसाहतीतील पाळ्या एकाच सुमारास सुटतात आणि त्याच वेळी कामगारांच्या बसगाड्या, रिक्षा, टँकर आणि पिकअप बोईसरच्या एकाच रस्त्यावर उतरतात, हे कोणा ज्योतिष्याला विचारावे लागते काय? जोडून सुट्ट्या आल्या की मुंबईची मोटारगाडी गुजरातकडे धावते, घोडबंदरच्या घाटात दुरुस्ती निघाली की वर्सोवा पुलापर्यंत रांग लागते. यात अनिश्चित ते काय? २०२३ मध्ये खाडीवर नवा पूल खुला झाला. पण पुलाच्या दोन्ही तोंडांचे नियोजन झाले नाही, तर पूल म्हणजे केवळ कोंडीची जागा बदलणे ठरते.

टँकर उलटणे, दरड येणे, एखादा अपघात होणे, एवढेच काय ते खरोखर अकल्पित. बाकीची कोंडी ही ठरवून केलेल्या हयगयीची निष्पत्ती आहे. तिला ‘बेभरवशाची’ म्हटल्याने एक मोठी सोय होते : जबाबदारी कोणावरच राहत नाही. जणू ही अतिवृष्टी आहे, दैवी कोप आहे! २०२५ च्या जुलैअखेरीस पालघरहून मुंबईच्या रुग्णालयाकडे निघालेल्या एका जखमी स्त्रीची रुग्णवाहिका याच महामार्गावर अडकली आणि मुंबई गाठण्यापूर्वीच तिचा मृत्यू झाला. त्या मृत्यूलाही ‘बेभरवशाची वाहतूक’ म्हणून मोकळे व्हायचे काय? जिल्ह्याच्या मुख्यालयात गंभीर जखमींवर उपचारांची पुरेशी सोय नसणे आणि महामार्ग अडवून ठेवणे, हे दोन्ही निर्णय माणसांनीच घेतलेले आहेत.

मालकवर्गाची दुसरी बाजू अधिक खोल आहे. पूर्वी कारखान्याला वखार असे. आठ-पंधरा दिवसांचा कच्चा माल तेथे पडून असे. गाडी अर्धा दिवस उशिरा आली तरी यंत्र थांबत नसे. त्या वखारीची जागा, तिचा विमा, पडून असलेल्या मालात अडकलेल्या भांडवलाचे व्याज, हे सर्व मालकाच्या खर्चात पडे. मग जपानी मोटार कारखान्यांतून ‘हवे तेव्हा, हवे तेवढेच’ ही पद्धत आली आणि साठा ठेवणे हा व्यवस्थापनाचा गुन्हा ठरला. साठा नाहीसा झाला काय? नाही. तो चाकांवर चढला. मेंढवणच्या खिंडीत आणि ससूनवघरच्या रांगेत उभ्या असलेल्या पिकअप गाड्या म्हणजे तारापूरच्या कारखान्यांची आजची वखार आहे. फरक इतकाच की या वखारीचे भाडे मालक देत नाही. ते चालक आपल्या झोपेतून, डिझेलातून आणि हप्त्यातून देतो.

हे कसे घडते ते साध्या हिशेबाने पाहू. समजा, बोईसरहून भिवंडीच्या खेपेला पाचपैकी चार दिवस तीन तास लागतात आणि एक दिवस, कोंडीमुळे, सात तास. पाच दिवसांचे एकूण एकोणीस तास. सरासरी चार तासांहून किंचित कमी. नियोजनकर्ता म्हणतो, “आम्ही तर चार तास देतो, सरासरीपेक्षा जास्तच!” गणित अचूक आहे आणि न्याय शून्य आहे. कारण ज्या चार दिवशी एकेक तास वाचतो, तो चालकाला मिळत नाही; त्या तासात त्याच्याकडून आणखी एक लहान फेरी काढून घेतली जाते. आणि ज्या एका दिवशी तीन तास जास्त जातात, ते मात्र त्याच्या नावे लिहिले जातात : भाड्यात कपात, उद्याची खेप दुसऱ्याला आणि वर ‘अनियमित’ हा शेरा. नफा झाला तर सरासरी मालकाची, तोटा झाला तर अपवाद चालकाचा. एकाच फेरीत तीन कारखान्यांच्या वेळा बांधलेल्या असतील, तर पहिल्या फाटकावरचा उशीर दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरचा तिसऱ्यावर साचत जातो. चूक एक, दंड तीन.

यात कारखान्याच्या स्वतःच्या फाटकावर जाणारा वेळ कोठेच दिसत नाही. गाडी वेळेवर पोहोचली तरी चलान तयार नसते, हमाल जेवायला गेलेले असतात, तपासनीस जागेवर नसतो. चालक दोन-दोन तास रस्त्याच्या कडेला उभा राहतो. पिण्याचे पाणी नाही, शौचालय नाही, सावली नाही. त्या दोन तासांची नोंद नाही आणि मोबदलाही नाही. ज्या भूमीत हे चालते, त्या भूमीला याचे जुने नाव ठाऊक आहे. १९४५ साली आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे वारली परिषद भरली आणि त्यानंतर श्यामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली लालबावट्याने या मुलखातील वेठ मोडून काढली. पैसे न देता दुसऱ्याचे श्रम आणि दुसऱ्याचा वेळ वापरणे, याला वेठ म्हणतात. जमीनदाराच्या अंगणातून ती कारखान्याच्या फाटकावर आली आणि हातात भ्रमणध्वनी घेऊन आली, म्हणून तिचे नाव बदलत नाही.

सरकारी कागद तरी काय सांगतो? मालासोबत जे इ-वे बिल असते, त्याची मुदत १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते. म्हणजे राज्यसंस्था मालाला २०० किलोमीटरसाठी एक दिवस देते. त्याहून पुष्कळ कमी अंतरासाठी तो माल वाहणाऱ्या माणसाला कारखानदार चार तास देतो. निर्जीव पिंपाला जी सवलत आहे, ती जिवंत चालकाला नाही.

कायद्याची गोष्ट तर याहून उद्वेगजनक. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. मालकाच्या दिमतीस असलेला वेळ म्हणजे कामाचा वेळ, हे तत्त्व त्याने मान्य केले होते. जरी नुसते थांबून राहण्याच्या बाबतीत त्याचा हात फार आखडता होता. तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायांना लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या आणि तो कायदा त्यांपैकी एकीत विलीन झाला. विलीन होताना पाचाचे दहा झाले. दहापेक्षा कमी कामगार असलेला वाहतूकदार आता त्या व्याख्येच्या बाहेर आहे. पालघर-बोईसरमधील पिकअपचा धंदा पाहा : कोणाच्या दोन गाड्या, कोणाच्या चार, बहुतेकांची एकच. लेखणीच्या एका फटकाऱ्याने हा धंदा कायद्याच्या नजरेआड गेला. त्यातच ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असा निर्णय दिला की ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या साध्या परवान्यावर चालवता येते. निर्णय चालकांच्या आणि अपघातग्रस्तांच्या दृष्टीने योग्यच होता. पण त्याची आर्थिक बाजू विसरून चालणार नाही. ज्याच्याकडे मोटारीचा परवाना आहे असा प्रत्येक बेकार तरुण आता पिकअपचा चालक होऊ शकतो. संरक्षण घटले आणि रांग वाढली. अशा वेळी भाव कोण ठरवतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या इयत्तेतील विद्यार्थीही सांगेल.

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. आमचा रोख गणितावर नाही. पेट्रोलच्या टाकीगाड्या कमीत कमी अंतरात पंपांवर कशा पाठवाव्या, हा प्रश्न डँट्झिग व रामसर यांनी १९५९ साली मांडला; त्यातूनच आजचे सारे मार्गनियोजन उभे राहिले. त्याआधी वीस वर्षे, १९३९ साली, लेनिनग्राडमध्ये लिओनिद कांतोरोविच यांनी प्लायवूड उद्योगाच्या एका अडचणीतून हेच शास्त्र जन्माला घातले. १९७५ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते अमेरिकेतील कूपमन्स यांच्याबरोबर विभागून. आणि कूपमन्स यांनीही दुसऱ्या महायुद्धात जहाजांच्या फेऱ्यांचाच हिशेब केला होता. तात्पर्य, समीकरणाला वर्ग नसतो. परंतु समीकरणात काय घालायचे आणि काय वगळायचे, हे ठरवणाऱ्याला वर्ग असतो. डिझेल मोजले, टोल मोजला, यंत्र थांबण्याचा खर्च मोजला आणि चालकाचा तास शून्य धरला, तर उत्तर नेहमी असेच येणार की चालकाला थांबवून ठेवणे हाच सर्वांत स्वस्त मार्ग होय. त्या शून्याच्या जागी ज्या दिवशी खरा आकडा बसेल, त्या दिवशी तेच यंत्र फाटकावरची रांग घटवण्याचा मार्ग मुकाट्याने शोधून देईल.

आपल्याच काही साथींचा एक आक्षेप आहे. ते म्हणतात, “पिकअपवाला हा गाडीचा मालक; तो कामगार कसा? त्याच्यासाठी पक्षाने शक्ती का खर्चावी?” या आक्षेपाला पुस्तकी वर्गविश्लेषणाचा वास येतो. त्या गाडीच्या नोंदणीपुस्तकावर कर्ज देणाऱ्या कंपनीचा बोजा असतो. दोन-तीन हप्ते थकले की गाडी कोणाच्या आवारात जाऊन उभी राहते, हे गावोगाव ठाऊक आहे. ज्याला स्वतःच्या श्रमाचा भाव ठरवता येत नाही, वेळ ठरवता येत नाही, गिऱ्हाईक निवडता येत नाही, आणि ज्याच्या मालकीचा फक्त हप्ता आहे, तो मालक कसला? कारखानदाराने मजुराला मालक म्हणायला सुरुवात केली ती त्याचा सन्मान करण्यासाठी नव्हे. भविष्यनिर्वाह निधी, रजा आणि अपघाताची जबाबदारी टाळण्यासाठी.

दुसरा आक्षेप लहान उत्पादकांचा आहे आणि त्यात तथ्य आहे. पालघरच्या गाळ्यात दहा-वीस माणसे घेऊन सुटे भाग बनवणारा म्हणतो, “मोठा खरेदीदार माझ्या बिलातून उशिराचे पैसे कापतो, मी कोठून आणू?” बरोबर आहे. दंड वरून खाली उतरत येतो आणि ज्याच्या खाली कोणी नाही त्याच्यापाशी थांबतो. म्हणूनच आमचा लढा या लहान उत्पादकाशी नाही. खरेदीच्या करारातील त्या कलमाशी आहे. उशीर रस्त्यामुळे झाला असेल, तर त्याचा भार खाली ढकलू नये, ही मागणी चालक आणि लहान कारखानदार दोघांनी मिळून करण्यासारखी आहे. आणि जो वेळ रांगेत गेला तो मोकळ्या रस्त्यावर भरून काढण्यासाठी चालक गाडी पिटाळतो, तेव्हा मेंढवणला किंवा चारोटीला रस्ता ओलांडणाऱ्या आदिवासी पादचाऱ्याचा जीव जातो, हे ध्यानात घेतले तर हा प्रश्न साऱ्या जिल्ह्याचा होतो.

हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी जन्माला आला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १५ ऑगस्टला, लाल किल्ल्यावरून योजना आयोग मोडीत काढण्याची घोषणा झाली. योगायोग खरा, पण बोलका. सार्वजनिक नियोजन संपवायचे आणि त्याची जागा हजारो खासगी नियोजनांनी घ्यायची, असा तो काळ होता. परिणाम समोर आहे. प्रत्येक कारखान्याची योजना स्वतंत्रपणे हुशार आहे आणि सर्वांच्या हुशारीची बेरीज म्हणजे चिल्हार रस्त्यावरची रांग. शेजारशेजारच्या दोन कारखान्यांच्या दोन अर्ध्या रिकाम्या गाड्या एकाच वेळी एकाच गोदामाकडे निघतात, कारण दोघांच्या योजना एकमेकींना पाहत नाहीत. आणि आता वाढवण! १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराला मंजुरी दिली; ३० ऑगस्टला पालघरमध्ये पायाभरणीही उरकली. मच्छीमारांचा विरोध तुडवत नऊ कंटेनर धक्क्यांची आखणी होते; पण त्यांच्यासाठी जे हजारो चालक या जिल्ह्यातून ये-जा करतील, त्यांनी रात्री कोठे निजावे, याविषयी एक ओळही जनतेपुढे मांडली जात नाही.

केवळ निषेध नोंदवून थांबणे आपल्याला शोभणार नाही. पक्षाच्या जिल्हा कार्यकर्त्यांनी पुढील मागण्यांवर चळवळ उभी करावी.

पहिली : फाटकावरील वेळेची नोंद. गाडी आली केव्हा आणि सुटली केव्हा, हे चलानावर छापलेच पाहिजे. पहिल्या अर्ध्या तासानंतरच्या प्रत्येक तासाचे थांबणावळीचे पैसे कारखान्याने द्यावेत आणि रस्त्यावरील कोंडीमुळे झालेल्या उशिराची कपात बेकायदेशीर ठरवावी.

दुसरी : औद्योगिक विकास महामंडळाने आपले कर्तव्य करावे. आपल्या क्षेत्रापुरते ते कायद्याने नियोजन प्राधिकरण आहे. भूखंड वाटणे आणि पाणीपट्टी घेणे एवढेच त्याचे काम नव्हे. पाळ्यांच्या सुटण्याच्या वेळा विभागून द्याव्यात. वसाहतीत पाणी, शौचालय, सावली आणि विश्रांतीची सोय असलेला वाहनतळ बांधावा. लहान कारखान्यांचा माल एकत्र उचलणारी सामायिक फेरी-व्यवस्था चालकांच्या सहकारी संस्थेकडे सोपवावी.

तिसरी : महामार्गावरील प्रत्येक कामाचे वेळापत्रक आठ दिवस आधी जाहीर व्हावे आणि ते मोडले तर दंड कंत्राटदाराने भरावा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची : माथाडी मंडळाच्या धर्तीवर पिकअप व टेम्पो चालकांचे मंडळ. १९६९ च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्राने देशाला दाखवून दिले की ज्या कामगाराला एक ठराविक मालक नाही, त्यालाही मंडळामार्फत मजुरी, निधी आणि रजा देता येते. तेव्हाही व्यापारी म्हणत होते की हमाल आमचा नोकर नाही, तो तर ज्याचे काम मिळेल त्याचे करतो. हमालांनी संघटनेच्या बळावर ते उत्तर खोडून काढले. पाठीवरून पोती वाहणाऱ्याला जे मिळाले, ते चाकांवरून पिंपे वाहणाऱ्याला का मिळू नये?

यासाठी पहिले काम साधे आहे. बोईसर, पालघर आणि मनोरच्या नाक्यांवरील साथींनी एक महिना चालकांकडून वह्या भरून घ्याव्यात : फाटकावर किती वेळ गेला, रस्त्यावर किती, भाडे किती ठरले, हातात किती पडले. मालकांच्या यंत्राकडे आकडे आहेत म्हणून त्यांचा शब्द चालतो. आपल्याकडेही आकडे असले पाहिजेत.

आणि ज्यांना वाटते की विखुरलेला चालक संघटित होऊच शकत नाही, त्यांनी १ आणि २ जानेवारी २०२४ आठवावे. अपघात करून पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या नव्या कलमाविरुद्ध देशभर चाके थांबली, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि सरकारला रात्री चर्चेला बसावे लागले. १ जुलै २०२४ रोजी नवी न्यायसंहिता लागू झाली, तेव्हा ते कलम मात्र बाजूला ठेवावे लागले. तो संप भीतीतून उठला आणि दोन दिवसांत ओसरला. त्याच्यामागे मागणीपत्र नव्हते, वह्या नव्हत्या, मंडळाची कल्पना नव्हती. ती उणीव भरून काढणे हे पक्षाचे काम आहे. कोंडीत अडकलेल्या गाड्यांची रांग ही आज असहायतेची रांग आहे. ती संघटनेची रांग करण्यासाठी आपल्याला नाक्यावर जाऊन उभे राहावे लागेल, आणि तेही या पावसाळ्याच्या आत.